पुरात भिजलेला आजीचा फोटो संगणकावर दुरुस्त करतोय. गोंदण कसं वाचवू?

डबलबेल, चिपळूण

नमस्कार मंडळी. एस.टी.त एकतीस वर्षं कंडक्टरकी करून आता घरी बसलोय. संगणकाशी ओळख म्हणाल तर तिकिटाच्या मशीनपुरती, आणि तीही नोकरीच्या शेवटी शेवटी. त्याआधी आपली पत्र्याची पेटी नि पंच. तेव्हा प्रश्न बावळट वाटले तर सांभाळून घ्या.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आमच्या घरात आली ती पंख्याच्या पात्याला टेकली. माळ्यावरच्या ट्रंका वाचल्या, भिंतीवरचे फोटो गेले. तिसऱ्या दिवशी चिखल उपसताना आजीची फ्रेम हाताला लागली. काच शाबूत, मागचा पुठ्ठा पापडासारखा फुगलेला आणि फोटो आतून काचेला घट्ट चिकटलेला.

ही आजी म्हणजे आईची आई. तिचा जगात हा एकच फोटो. आजोबा परळला गिरणीत होते. आजी जन्मात एकदाच मुंबई बघून आली. गोवळकोटहून दाभोळ, तिथून बोटीनं भाऊच्या धक्क्यावर. साल १९४९ च्या आसपासचं. आजोबांनी तिला स्टुडिओत नेलं. मागं रंगवलेला पडदा आहे, त्यावर खांब नि बाग. आजी खुर्चीत ताठ बसलीय, नऊवारी, नाकात नथ, मांडीवर एक लहान पोर. ते पोर कोण, यावर आमच्याकडे गेली चाळीस वर्षं वाद चालू आहे. आई म्हणते मी, धाकटी मावशी म्हणते मी. मुंबईला दोघींपैकी एकीलाच नेलं होतं, एवढ्यावर मात्र दोघींचं एकमत.

आता माझी चूक सांगतो, लपवत नाही. काचेवरून फोटो सुटावा म्हणून मी चहाच्या पातेल्याच्या वाफेवर खालचा उजवा कोपरा धरला. थोडा सुटला, म्हणून ओढला. कागद मागं आला आणि वरचा पापुद्रा अंगठ्याएवढा काचेवरच राहिला. हातात आलेल्या कागदावर पांढराफटक डाग. त्या अंगठ्याएवढ्या जागेत मांडीवरच्या पोराचं तोंड होतं. त्या दिवशी मी जेवलो नाही. फ्रेम जुन्या धोतरात गुंडाळून कपाटात टाकली ती चार वर्षं तशीच.

यंदा आईनं एक्याऐंशीत पाऊल टाकलं. म्हटलं, तिच्या डोळ्यांत बघण्याइतकी नजर आहे तोवर काहीतरी करावं. फ्रेम ओट्याच्या कडप्प्यावर आडवी ठेवून मोबाईलनं फोटो काढला. पुतण्यानं तो एका ऍपमध्ये टाकला. दोन मिनिटांत रंगीत, चकचकीत, कुठं डाग नाही की चरा नाही. मी तर हरखलोच. आईला दाखवला. तिनं चष्मा पुसला, परत बघितलं आणि म्हणाली, "ही कोन? ही माजी आय नाय."

मग मी मूळ फोटोशी ताडून बघत बसलो. आजीच्या हनुवटीवर गोंदण होतं, ते साफ. कपाळावरचं कुंकू अर्धवट पुसलेलं. नथ म्हणजे नाकाखाली चिकटलेला भाताचा डिखळा. आणि मांडीवरच्या पोराला ऍपनं आपल्या मनचं तोंड दिलेलं, गुबगुबीत, दात दाखवून हसणारं. १९४९ साली स्टुडिओत हसणारं पोर! माझ्या बारशाच्या फोटोतसुद्धा सगळे पोलिस चौकीत बसल्यासारखे आहेत.

म्हणून ठरवलं, आपण शिकायचं. मुलानं पुण्याहून येऊन लॅपटॉपवर गिंप नावाचं फोटो दुरुस्तीचं सॉफ्टवेअर घालून दिलंय, ते फुकट आहे म्हणे. विचारायचंय ते एवढंच. फोटो काचेवरून सोडवू की तसाच घेऊ? डाग कुठला नि गोंदण कुठलं हे ओळखायचं कसं? मोबाईलच्या फोटोत मला हनुवटीवर दोन ठिपके दिसतात आणि शेजारी तपकिरी डाग. आई म्हणते तीन होते, त्रिकोणात. आणि पोराच्या तोंडाचं काय करू? मावशीचा सहा वर्षांची असतानाचा एक फोटो आहे, त्यातलं तोंड छोटं करून लावता येईल, असं पुतण्या म्हणतो. लावू?

झटपट९८

काका, एवढा घाट कशाला? ते ऍप जुनं असेल. आता नवीन आलीत, चेहरा एकदम क्लिअर करतात. फोटो इथे टाका, मी दोन सेकंदांत करून देतो.

डबलबेल, चिपळूण

बाळा, दोन सेकंदांतलं बघून झालं. दोन सेकंदांत आजी बदलली. तुझ्या मनाचा चांगुलपणा पोचला, फोटो मात्र देत नाही.

पिक्सेलपुसणी, ठाणे

काका, पहिल्या वाक्यापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत दोनदा वाचलं. मी छपाईच्या कामात आहे. लग्नपत्रिका, कॅटलॉग आणि अधूनमधून लोकांचे आजी-आजोबा.

आधी ऍपचं. तुमच्या आईंचं म्हणणं अक्षरशः खरं आहे, ती बाई वेगळीच आहे. चेहरा दुरुस्त करणारी ही साधनं तुमच्या फोटोतला चेहरा घासूनपुसून उजळ करत नाहीत, तो नव्याने काढतात. जीएफपीगॅन नावाचं एक गाजलेलं साधन आहे. त्याला चेहरा म्हणजे काय हे फ्लिकर या फोटोंच्या साइटवरून गोळा केलेल्या ७०,००० फोटोंवरून शिकवलंय. धूसर नाक दिसलं की ते त्या गर्दीतल्या सरासरी नाकाकडे झुकतं. त्या सत्तर हजारांत नथ घातलेल्या, हनुवटी गोंदलेल्या कोकणातल्या बायका कितीशा असणार? जे त्याने फारसं पाहिलेलं नाही ते त्याच्या लेखी डाग. मी स्वतः ही साधनं वापरते, पण पडदा, जमीन, खुर्चीचे पाय यांच्यासाठी. चेहऱ्याला हात लावू देत नाही.

आता तुमचं काम. मोबाईलचा फोटो विसरा, स्कॅन हवा. स्कॅन करताना एक गोष्ट कुणीही काहीही म्हणालं तरी सोडायची नाही. फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करायचा. झेरॉक्सवाला हमखास 'ब्लॅक अँड व्हाईट' दाबतो आणि वर 'ऑटो' सुधारणा चालू ठेवतो. दोन्ही बंद. ६०० डीपीआय (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), ४८ बिट रंग, टिफ फाईल. तुमचा फोटो सहा बाय आठ इंच धरला तर ३६०० बाय ४८०० ठिपके होतात आणि फाईल साधारण १०० एमबीची. मोठी वाटेल, वाटू दे. जेपेग नको, ते दर वेळी सेव्ह करताना थोडं थोडं खातं.

रंगीतच का, तर तुमच्या गोंदणाचं उत्तर त्यात आहे. फोटोतलं काळं हे चांदीचं असतं, करडं, कुठल्याही रंगाकडे न झुकणारं. चिखलाचा, बुरशीचा, डिंकाचा डाग असतो पिवळा-तपकिरी. पिवळा रंग निळा प्रकाश शोषतो आणि लाल सोडून देतो. म्हणून स्कॅनचे लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे भाग केले तर निळ्या भागात डाग काळाकुट्ट दिसतो आणि लाल भागात फिका पडतो, पुष्कळदा दिसेनासाच होतो. गोंदण मात्र तिन्ही भागांत तसंच राहतं, कारण ते चित्राचाच भाग आहे. गिंपमध्ये कलर्स, मग कंपोनंट्स, मग डीकंपोज, तिथे आरजीबी निवडा. तीन थर मिळतील. लाल तेवढा ठेवून बघा. बऱ्याच वेळा निम्मं काम इथेच होतं आणि ब्रश हातातही घ्यावा लागत नाही.

पुढे ब्रश. मूळ थराला कधीही हात लावायचा नाही. वर एक रिकामा पारदर्शक थर घ्या, हील किंवा क्लोन यांपैकी एक अवजार घ्या आणि 'सॅम्पल मर्ज्ड' वर खूण करा, म्हणजे खालून उचलून वरच्या थरावर लावलं जातं. चुकलात तर वरचं पुसा, खाली आजी सुखरूप. हील शेजारचा पोत उचलून उजेड जुळवून घेतं, त्यामुळे गालावर, पडद्यावर छान चालतं. काठाशी, म्हणजे पदराची कड किंवा केसांची रेघ आली की ते काळं-पांढरं कालवून चिखल करतं. तिथे क्लोन, ते उचललेलं जसंच्या तसं लावतं.

पोराच्या तोंडाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दुसरं तोंड लावू नका. मावशीचं तर मुळीच नको, घरात महाभारत होईल. तो भाग आजूबाजूच्या करड्या रंगाने हलकेच भरा आणि सोडा.

हायपो, सातारा

धागा उशिरा पाहिला. मी १९७४ पासून डार्करूममध्ये. स्टुडिओ बंद करून बारा वर्षं झाली, पण बोटांचा वास अजून गेला नाही असं घरचे म्हणतात.

कंडक्टरसाहेब, ब्रशबिश नंतर. पहिलं सांगा, काच धुतलीत का? धुतली नसेल तर धुवू नका. पुसूही नका. तुमच्या नातलग पोराचं तोंड कुठंही गेलेलं नाही, ते काचेवर आहे.

समजावून सांगतो. ब्रोमाइड कागदावर खाली कागद, त्यावर बॅरायटाचा पांढरा थर आणि त्यावर जिलेटिनचा पापुद्रा. चित्र त्या पापुद्र्यात. पुरात जिलेटिन फुगलं आणि काचेला टेकून वाळलं, म्हणजे सरसानं चिकटवल्यासारखंच झालं. तुम्ही वाफ दिलीत, कागद सुटला, पापुद्रा काचेवर राहिला. आता तो पापुद्रा मुळात पारदर्शक असतो. मागं पांढरं असलं तरच चित्र दिसतं, कारण उजेड आत जाऊन पांढऱ्यावरून परत यायला हवा. तुम्ही फ्रेम ठेवलीत कडप्प्यावर! काळ्या दगडावर पारदर्शक चित्र काळंच दिसणार. त्या सुटलेल्या कोपऱ्याच्या मागं स्वच्छ पांढरा जाड कागद हळूच सरकवा, घासू नका, आणि पुढून बघा. काय दिसतं ते इथं लिहा.

फोटो काचेवरून सोडवायचा नाही. वाफ, हेअर ड्रायर, ब्लेड, काही नाही. मूळ फोटोच सोडवायचा असला तर ते संवर्धकाचं काम. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला संवर्धन केंद्र आहे, तिथं विचारून बघा. संगणकासाठी काचेसकटच स्कॅन करा. मात्र स्कॅनर बघून घ्या. यूएसबीच्या एका वायरवर चालणारे पातळ स्कॅनर बहुतेक सीआयएस जातीचे. त्यांना काचेला टेकलेलं तेवढंच नीट दिसतं, मधे तुमची दोन मिलिमीटर काच आली की धूसर. जुना जाडजूड, स्वतःचं पॉवर अडॅप्टर असलेला सीसीडी स्कॅनर शोधा, त्याला खोली झेपते. आणि काचेवर काच ठेवली की तेलाच्या तवंगासारखी रंगीत वलयं उमटतात. चारी कडांना पोस्टकार्डाच्या पट्ट्या घाला, फट राहिली की वलयं जातात.

आता कुंकवाचं. ताईंनी गोंदणाचं बरोबर सांगितलं, पण तुमच्या आजीचं कुंकू फोटोत काळं दिसत असेल, होय ना? आणि लुगडंही काळंभोर? त्या काळात बरेच स्टुडिओवाले ऑर्थो फिल्म किंवा प्लेट वापरायचे. ऑर्थोला लाल दिसत नाही. म्हणून तर ती लाल दिव्याखाली, डोळ्यांनी बघत डेव्हलप करता यायची. तिला लाल दिसत नाही म्हणजे जे लाल ते फोटोत काळं. लाल कुंकू काळं, तांबडं लुगडं काळं, ओठ गडद. उलट निळं फिकं. त्यामुळं काळ्या-पांढऱ्यावरून रंग ओळखणारं यंत्र इथं हमखास फसतं. त्याला काळं दिसलं की ते काळं किंवा तपकिरी रंगवतं. लुगड्याचा रंग आईला विचारा, यंत्राला नाही.

आणि एक गंमत. आजीचे गाल फार तुळतुळीत वाटत असतील तर तो ऍपचा गुण नव्हे, आमच्या धंद्यातल्याच कुणाचा तरी असेल. निगेटिव्हवर रिटचिंग मीडियम (पेन्सिल धरावी म्हणून लावायचं द्रव) चोळून टोकदार पेन्सिलीनं सुरकुत्या भरायचो आम्ही. प्रिंटवर धुळीचे पांढरे ठिपके पडायचे, ते बारीक ब्रशनं रंग लावून बुजवायचे. गिऱ्हाईक खूश. पण गोंदण पुसायला कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. तीळ पुसायला सांगायचे, देवीचे व्रण पुसायला सांगायचे, गोंदण नाही.

जाता जाता, नदीकाठच्या सगळ्यांसाठी. फोटो भिजले तर एकावर एक वाळू देऊ नका, आणि फ्रेममधले ओले असतानाच काचेपासून काढा. स्वच्छ गार पाण्याच्या परातीत हळूच विसळा, चित्रावर बोट फिरवू नका, चित्र वर करून सावलीत पसरा. दोन दिवसांत हे जमण्यासारखं नसेल तर मधे बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये टाका, सवडीनं काढता येतात. आता सांगून उपयोग नाही, पण वाशिष्ठी काही दुसरीकडं गेलेली नाही.

डबलबेल, चिपळूण

हायपोसाहेब, काच धुतली नव्हती. आळस कधी कधी कामाला येतो.

परवा संध्याकाळी दार लावून घेतलं, पंखा बंद केला. नातीच्या चित्रकलेच्या वहीतला जाड कागद घेतला, कोपरा कात्रीनं गोल केला म्हणजे टोचू नये. सरकवला. बायको बॅटरी धरून उभी. आधी काळपट तुकडाच दिसत होता. कागद पूर्ण आत गेला आणि एकदम एक डोळा दिसला. मग कपाळ, मग दुसरा डोळा. मधून तीन-चार भेगा गेल्यात, सुकलेल्या शेतासारख्या, आणि हनुवटीचा तुकडा जरा सरकलाय. पण तोंड आहे! पोर कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये. बाजूला कुठंतरी बघतंय, बहुधा फोटोवाल्यानं चिमणी दाखवली असावी. बायको म्हणाली, बॅटरी धरून हात दुखला, आता रडायचं असेल तर ओट्यापाशी जाऊन रडा.

खेर्डीच्या एका मित्राकडे जुना सीसीडी स्कॅनर निघाला, वजनानं बैलाएवढा. पोस्टकार्डाच्या पट्ट्या घातल्या (घरात पोस्टकार्ड नव्हतं, लग्नपत्रिका कापली. ताई, माफी), रंगीत, ६०० डीपीआय, टिफ. एका स्कॅनला सात मिनिटं.

मग डीकंपोज. निळा थर उघडला आणि मी घाबरलोच. फोटो नव्हे, चिखलाचा नकाशा. पाणी कुठवर चढलं, कुठं थांबलं, कुठं ओसरलं, सगळं रेघांनी लिहिलेलं. लाल थर उघडला तर त्या रेघा धुक्यात गेल्यासारख्या. हनुवटीपाशी मोठं करून बघितलं. तपकिरी डाग गेला होता आणि डागाच्या जागी तिसरा ठिपका उभा. त्रिकोणात. आईला हाक मारली. ती म्हणाली, "मग? मी काय खोटं सांगत व्हते?" आणि आत निघून गेली.

लुगडं तांबडं होतं, हेही तिनंच सांगितलं, विचारण्याआधी. मुंबईला जाताना नेसलेलं, लग्नातलं. हायपोसाहेब, तुमचा ऑर्थो बरोबर.

आता अडलोय नथीपाशी. नथीवरून एक चरा गेलाय, तिरपा, वरच्या ओठापर्यंत. हील फिरवलं की मोती आणि नाक एकत्र लिबलिबित होतं. चार संध्याकाळी तेवढ्यावर गेल्या. रोज पुसतो, रोज लावतो.

पिक्सेलपुसणी, ठाणे

वाह काका! पांढऱ्या कागदाचं मलाही नवीन, हायपोकाकांना दंडवत. आणि करड्या रंगाने भरून सोडा असा सल्ला मी दिला होता, तो परत घेते.

नथीला हील नकोच, आधी म्हटलं तसं काठ आला की क्लोन. ब्रश मोत्याच्या निम्म्या आकाराचा घ्या, कडा पूर्ण मऊ नको. पूर्ण मऊ ब्रशने सगळं धुरकट होतं आणि पूर्ण कडक ब्रशने टिकल्या चिकटवल्यासारखं. मधे कुठेतरी. ओढायचं नाही, टिचकी मारल्यासारखं एकेक टिंब. आणि शेजारच्या शाबूत मोत्यावरून उचला, गालावरून नाही. मोठं करून बघताना २०० टक्क्यांच्या वर जाऊ नका, तिथे प्रत्येक कण राक्षस दिसतो आणि माणूस नको ते दुरुस्त करत बसतो. दर दहा मिनिटांनी पूर्ण फोटो पडद्यावर बघा.

पोराचे तुकडे जुळवताना प्रत्येक तुकडा वेगळ्या थरावर घ्या, लॅसोने (हाताने कड आखून निवडायचं अवजार) कापून, मग हलवा, फिरवा. भेगेतली फट तेवढी क्लोनने भरा. सावळं-उजळ करायचे कर्व्ह्ज अगदी शेवटी. आणि फाईलला नाव देताना '१', '२', 'नवीन', 'एकदम नवीन' असं करू नका, तारीख घाला. मूळ स्कॅनची एक प्रत मुलाकडे पुण्याला पाठवा. पुढच्या पुराला लॅपटॉप पोहता येत नाही.

झटपट९८

काका, भारी! मी माझ्या पणजीचा फोटो ऍपमध्ये केला होता, आत्ता परत काढून बघितला. तिच्या कपाळावर पण गोंदण होतं, मूळ फोटोत आहे, माझ्यात नाही. मूळ फोटो माझ्या सख्ख्या काकांकडे आहे, स्कॅन मागवतो. रंगीत ना?

डबलबेल, चिपळूण

रंगीत. आणि काळ्या ओट्यावर नको.

मंडळी, उशीर झाला. मधे भातलावणी, मग माझंच डोळ्याचं ऑपरेशन. आजीची नथ झाली. टिचकी-टिचकीनं नऊ दिवस. सगळं काम मिळून सव्वा महिना गेला, रोज चहानंतर दीड तास. फोटोच्या कडेची चंदेरी झाक ठेवली, तेवढं जुनेपण असू दे. पडद्यावरच्या बागेत पुराची एक रेघ होती, तीही ठेवलीय, फिकी करून. मुलगा म्हणाला काढून टाका. म्हटलं, ती आमचीच आहे.

मांडीवरच्या पोराच्या भेगा जुळल्या. हनुवटीखालचा शेंगदाण्याएवढा तुकडा कुठंच सापडला नाही, तिथं काही काढलं नाही, कागदाचाच रंग आहे. लांबून गळ्यात काहीतरी घातल्यासारखं दिसतं.

आठ बाय दहाचा प्रिंट काढला, मॅट कागदावर. या वेळी फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यामधे माउंटची पट्टी घालून घेतली, म्हणजे परत टेकायला नको. फ्रेमवाला म्हणाला, पट्टीचे जास्त पडतील. म्हटलं, घे.

आईनं प्रिंट हातात घेतला. बोटानं हनुवटीचे ठिपके मोजले. एक, दोन, तीन. मग बोट खाली मांडीवर नेलं, बराच वेळ तिथंच ठेवलं. "ही मीच," म्हणाली, "माजे कान बग."

रात्री फोटो मावशीला मोबाईलवर धाडला. पाच मिनिटांत फोन. "बघितलंस? मी सांगत नव्हते? माजे कान बग!"

गणपतीला मावशी इकडे येतेय. दोघींना एका बाकावर बसवून कान तपासायचं ठरलंय.